दोन छाप्यांचं नाणं: बनवायचं कसं, ओळखायचं कसं

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून टूलने कापायचं यंत्र, शिकलो. काम सगळं होड्यांचं: पंख्याचे शाफ्ट, पितळी बुश, विंचचे घासलेले भाग. तिथल्या काकांनी एका दुपारी खिशातून एक नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "जोड शोध." नाण्याच्या दोन्ही बाजूंना छापा होता. मी कड पाहिली, नख फिरवलं, उजेडात तिरकं धरलं. संध्याकाळपर्यंत ते कितीदा उलटंसुलटं केलं त्याची गणती नाही. जोड काही सापडेना. शेवटी काकांनी भिंग दिलं आणि बोट ठेवलं ते कडेवर नव्हे, कडेच्या आतल्या कोपऱ्यात. "अरे, तू जिथे शोधत होतास तिथे शिकाऊ माणूस जोड ठेवतो. ज्याला काम येतं तो इथे ठेवतो."

त्यानंतर मी अशी खेळण्यातली नाणी स्वतः बनवायला लागलो. एकदा हाताने केलं की डोळा आपोआप नेमक्या जागी जातो. शिमग्याला चाकरमानी गावी येतात, मैदानांवर टेनिस बॉलच्या आणि अंडरआर्मच्या स्पर्धा भरतात, टॉसवरून कुरबुर होते आणि मग कोणीतरी पोरगा विचारतो, असं नाणं खरंच असतं का हो? त्याच्यासारख्या, लेथला कधी हात न लावलेल्या किंवा आयटीआयला नुकत्याच गेलेल्या मुलांसाठी हे लिहितो आहे.

आधी कायद्याचं बोलू. चलनातलं नाणं लेथवर चढवायचं नाही. कॉइनेज ॲक्ट, २०११ प्रमाणे चलनी नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कापलेलं, कानस मारलेलं, रूप बदललेलं नाणं त्याच कायद्यानुसार चलन म्हणून चालत नाही. अमेरिकेत फसवणुकीच्या हेतूने केलेला फेरफार गुन्हा ठरतो, त्यामुळे तिथे दोन छाप्यांची नाणी जादूच्या सामानाच्या दुकानात उघड मिळतात आणि ती खऱ्या दोन नाण्यांपासूनच बनलेली असतात. तिकडचे व्हिडिओ पाहून इकडच्या दहा रुपयांवर प्रयोग करू नका. आपण पितळी टोकन वापरायचं. माझ्या टोकनाच्या एका बाजूला होडी असते, दुसऱ्या बाजूला मासा. व्यास ३० मिलिमीटर. हा आकार मुद्दाम निवडलेला आहे, कारण रोजच्या चलनातलं सगळ्यात मोठं नाणं, म्हणजे दहाचं आणि वीसचं, २७ मिलिमीटरचं असतं. आपलं खेळणं चुकूनसुद्धा कोणाच्या गल्ल्यात जाऊ नये.

टांकसाळीत काय होतं

खरं नाणं कसं बनतं हे ठाऊक नसेल तर खोटं ओळखता येत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, कडा दाबून किंचित उचलतात, धुऊन चकाकवतात. मग एक चकती दोन साच्यांच्या मध्ये बसते, भोवती कडं असतं, आणि प्रेसच्या एकाच दाबात छापा, काटा आणि कडेच्या रेघा उमटतात. एकाच दाबात, हे लक्षात ठेवा. खऱ्या नाण्याचे दोन चेहरे एकाच धातूच्या तुकड्यावर एकाच क्षणी जन्मतात. दोन्ही बाजूंचा रंग, झीज, कडेची रुंदी यांत जे नातं दिसतं ते त्यामुळे.

आपल्या देशात चार टांकसाळी आहेत आणि सालाच्या खाली त्यांची खूण असते. मुंबईची चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखा आकार. हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची काहीच खूण नसते. रत्नागिरीत खिसा उलटा केला तर मुंबईची नाणी पुष्कळ निघतात. भिंग हातात आलं की पहिला सराव हाच करा, दहा नाणी घ्या आणि खुणा वाचा.

टांकसाळीतूनच दोन छाप्यांचं नाणं निघू शकतं का? असा अपघात फार फार दुर्मीळ. वरचा साचा आणि खालचा साचा एकमेकांच्या जागी बसू नयेत म्हणून अनेक टांकसाळींत त्यांची बुडं वेगवेगळ्या घडणीची असतात. चुकीची जोडी मात्र लागते कधीतरी. २००० साली अमेरिकेत एका बाजूला पाव डॉलरचा वॉशिंग्टन आणि दुसऱ्या बाजूला एक डॉलरचा गरुड अशी नाणी बाहेर आली आणि संग्राहकांनी ती डोक्यावर घेतली. दुसरा एक अपघात त्या मानाने जास्त घडतो. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहतं आणि पुढची चकती त्याच्यावरच दाबली जाते. मग नाण्याच्या दोन्ही बाजूंना एकच चित्र येतं, पण दुसऱ्या बाजूचं चित्र उलटं आणि खोलगट असतं, मऊ मातीत शिक्का दाबावा तसं. असं नाणं सापडलं तर ते खेळणं नाही, टांकसाळीची खरी चूक आहे. घासू नका, पुसू नका, तसंच ठेवा.

बनवायच्या वाटा

सगळ्यात सोपी वाट म्हणजे एकच पितळी चकती घ्यायची आणि एन्ग्रेव्हिंगवाल्याकडून दोन्ही बाजूंना तेच चित्र कोरून आणायचं. जोड नाही, लेथ नाही. फक्त खेळायला हवं असेल तर हेच करा. दुसरी वाट दोन नाणी पाठीकडून अर्धी-अर्धी घासून चिकटवायची किंवा झाळायची. यात जोड कडेच्या बरोबर मधोमध येतो आणि दोन्हीकडच्या रेघा एकमेकींना जुळत नाहीत. शिकाऊ काम म्हणतात ते हे. तिसरी वाट ओतकामाची. साचा घेऊन पितळ ओतायचं. पण ओतलेलं पितळ थंड होताना सुमारे दीड टक्का आक्रसतं, त्यामुळे नक्कल मुळापेक्षा लहान येते. अक्षरांच्या कडा विरघळलेल्या साबणासारख्या गोल होतात आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं पडतात.

चौथी वाट वाटी आणि चकतीची. काकांचं नाणं याच पद्धतीचं होतं. एका नाण्याची वाटी करायची, म्हणजे त्याची एक बाजू आतून कोरून काढायची आणि कड व दुसरी बाजू शाबूत ठेवायची. दुसऱ्या नाण्याची कड उतरवून चकती करायची आणि ती वाटीत घट्ट बसवायची. कड अखंड राहते, रेघा अखंड राहतात. जोड जातो कड आणि सपाटी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, जिथे खऱ्या नाण्यातही नैसर्गिक रेषा दिसतेच. पुढचं सगळं याच पद्धतीबद्दल आहे.

लेथवर, क्रमाने

लेथजवळ जाताना अंगठी आणि हातातलं कडं काढा, बाह्या वर करा, चष्मा लावा, आणि हातमोजे अजिबात घालू नका. फिरत्या जॉबमध्ये, म्हणजे कापायला लावलेल्या तुकड्यात, हातमोजा अडकला की हात ओढला जातो.

टोकनं एकाच लॉटमधली दोन घ्या. पितळाचा रंग लॉटप्रमाणे बदलतो आणि तांबूस वाटीत पिवळी चकती लांबूनही दिसते. जाडी २.५ मिलिमीटर, कड २ मिलिमीटर रुंद. चित्र कडेला टेकता कामा नये, कारण चकतीची कड आपण उडवणार आहोत. असं टोकन सुमारे १५ ग्रॅम भरतं. सुरू करण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा, शेवटी लागेल.

आता धरायचं कशात? इथेच नवीन माणूस चुकतो, मीही चुकलो. पहिलं टोकन मी सरळ चकच्या, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीच्या, तीन जबड्यांत धरलं. कडेला तीन दात उमटले, आणि आतून कोरताना कड पातळ होत गेली तशी ती जबड्यांखाली आत दबली. टोकन गोल राहिलं नाही. पुढच्या कापाला टूल रुतलं आणि टोकन सुटून पत्र्यावर आदळलं. काकांनी मशीन बंद केलं, टोकन उचललं, मला बाजूला बसवलं आणि धरायची कुंडी करायला शिकवली. जाड ॲल्युमिनियमची सळई चकमध्ये घ्या, तोंडाला फेसिंग मारा, म्हणजे तोंड कापून सपाट करा, आणि त्यात ३० मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर खोल जागा कोरा. हॅकसॉने कडेला तीन चिरा पाडा. टोकन या कुंडीत बसवून चक आवळला की कुंडी सगळीकडून सारखी मिठी मारते, दात उमटत नाहीत. तळाशी कागदाचा तुकडा ठेवा, खालचं चित्र चरचरत नाही. कुंडी एकदा केल्यावर चकमधून काढू नका, काढून परत लावली की केंद्र हलतं.

वाटी आधी करा. पहिलं टोकन माशाची बाजू कुंडीत, होडीची बाजू वर, असं बसवा. बोरिंग टूलने, म्हणजे आतून कोरायच्या हत्याराने, होडी कोरून काढायची. व्यास २६.०० मिलिमीटर, खोली कडेच्या माथ्यापासून १.२५ मिलिमीटर. वेग मी मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास ठेवतो. २६ मिलिमीटर व्यासाला तो मिनिटाला ६५ मीटर पडतो, पितळाला ठीक आहे. पितळासाठी टूलचा माथा सपाट हवा. लोखंडाला चालणारं उतरत्या माथ्याचं टूल पितळात रुततं आणि जॉब खेचून घेतं. एका वेळी दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त काप घेऊ नका. शेवटचे दोन काप त्याच्याही निम्मे. तळाचा कोपरा शक्य तितका चौकोनी काढा.

मग चकती. दुसरं टोकनही माशाची बाजू आत, होडी वर, असंच कुंडीत घ्या आणि पाठीकडून फेसिंग मारत कडेपाशी मायक्रोमीटरने (शतांश मिलिमीटरपर्यंत मोजणारं माप) मोजून जाडी १.२५ वर आणा. कड असतानाच जाडी मोजायची, कारण एकदा कड उडाली की मोजायला आधारच राहत नाही. मासा उंचसखल असतो आणि मायक्रोमीटर त्याच्यावर खोटं सांगतो. हे उलट क्रमाने करून मी दोन टोकनं वाया घालवली आहेत.

जाडी झाली की चकतीची पाठ २५ मिलिमीटरच्या सळईच्या सपाट तोंडाला सुपरग्लूने चिकटवा. डायल गेज (किंचितशी हालचालही काट्यावर दाखवणारं माप) लावून केंद्र जुळवा, घाई नको. मग बाहेरचा व्यास उतरवत २६.०२ वर या. म्हणजे चकती वाटीपेक्षा दोन शतांशाने मोठी. पाठीच्या धारेला कानशीने अगदी हलकी उतरण द्या, म्हणजे वाटीच्या कोपऱ्यात राहिलेली गोलाई आड येणार नाही. सोडवायला सळई तापवा, ग्लू सुटतो. त्याचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, तेव्हा दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

मोठी चकती लहान वाटीत जाणार कशी? हा भाग मला आजही आवडतो. पितळ प्रत्येक अंशाला आपल्या लांबीच्या १९ दशलक्षांश इतकं वाढतं. २६ मिलिमीटरची वाटी १०० अंशांनी जास्त तापवली तर तिचा व्यास जवळजवळ पाच शतांश मिलिमीटरने वाढतो. आपल्याला दोनच हवेत. वाटी तव्यावर किंवा ओव्हनमध्ये १३० अंशांपर्यंत तापवा, सांडशीने लाकडी फळीवर ठेवा आणि थंड चकती वर सोडा. टक् असा आवाज येऊन ती बसते. मासे दोन्ही बाजूंना सरळ उभे राहतील असं आधीच पेन्सिलने खूण करून ठेवा, कारण दोन-तीन सेकंदांत चकतीही तापते आणि मग ती हलत नाही. तिरकी बसली तर ओढाताण करू नका, सगळं पुन्हा तापवून उलटं आपटा. नीट बसली की लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये हलकं दाबा. ग्लू, झाळ काही लागत नाही.

शेवटी वजन करा. मूळच्या १५ ग्रॅमच्या आसपासच भरायला हवं. पाव-अर्धा ग्रॅम कमी असेल तर आत पोकळी राहिली आहे. मग पंच घेऊन सपाटीवर 'खेळणं' अशी अक्षरं उठवा. अक्षरं दिसतील अशी, बारीक नकोत. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक टोकनावर ही खूण आहे. ती नसलेलं टोकन मी कोणाला देत नाही.

लेथ नसेल तर सावंतवाडीची आठवण ठेवा. तिथे लाकडी खेळणी चरकावर कातण्याची जुनी परंपरा आहे. लाकडाची वाटी आणि चकती करून पाहिली तरी मूळ कल्पना हाताला कळते, धातू नंतर.

ओळखायचं कसं

आता दुसरी बाजू. समोर एक नाणं आहे आणि संशय आहे. क्रम असा ठेवा.

दोन्ही बाजू पाहा. इतकं साधं, पण टॉसच्या गडबडीत कोणी करत नाही. आपल्या रोजच्या नाण्यांवर सिंहमुद्रा एका बाजूला आणि किंमत व साल दुसऱ्या बाजूला असतं. म्हणजे दोन छाप्यांच्या नाण्यावर बहुतेक वेळा साल नसतं, आणि दोन काट्यांच्या नाण्यावर सिंह नसतो. एखाद्या नाण्यावर साल कुठेच सापडलं नाही, तर पुढच्या तपासण्या उत्सुकतेपुरत्याच. कोरलेल्या अखंड चकतीत जोड नसतो, म्हणून जोड दिसला नाही याचा अर्थ नाणं खरं असा घेऊ नका.

मग भिंग. सोनार वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं पुरतं. कडेच्या मधोमध रेघ आहे का ते आधी बघा, मग कड आणि सपाटी मिळतात तो कोपरा पूर्ण गोल फिरवत बघा. दिवा बाजूने, तिरका. एका बाजूचा कोपरा मऊ वळणाचा आणि दुसरीकडचा धारदार, किंवा कोपऱ्यात केसासारखी काळी रेघ, किंवा घोटून चकचकीत केलेला पट्टा दिसला तर तिथे चकती बसवलेली आहे. दोन्ही बाजूंच्या कडेची रुंदी सारखी आहे का तेही पाहा. एक सावधगिरी: दहाच्या आणि वीसच्या नाण्यात बाहेरचं कडं आणि आतला भाग वेगळ्या धातूंचा असतो, तिथली गोल रेषा टांकसाळीतलीच आहे. तिला जोड समजून कोणावर आळ घेऊ नका.

आपल्याकडे किनाऱ्यावर एक साक्षीदार फुकटचा आहे, तो म्हणजे खारा वारा. पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर आंबट पदार्थ कळकतो हे घरोघर माहीत असतं. जोडाच्या फटीत खारट ओल शिरली की तसंच काहीसं घडतं. सपाटी पुसली जाते, फट पुसली जात नाही. काकांचं ते नाणं, ज्यात मला जोड सापडला नव्हता, ते मी एका पावसाळ्यात खिडकीत विसरलो. दसऱ्याला हत्यारं पुसताना हातात आलं, तेव्हा कोपऱ्यात हिरवी रेघ पूर्ण गोल उमटली होती, भिंगाशिवाय दिसणारी. म्हणून बंदरावरच्या, होडीवरच्या, मासळी बाजारातल्या नाण्यांत जोड लपवणं कठीण. पुण्याच्या कपाटात ठेवलेल्या नाण्यात सोपं.

तिसरा आवाज. खणखणीत नाणं असं आपण उगाच म्हणत नाही. चांदीचे रुपये होते तेव्हा सराफ प्रत्येक रुपया दगडावर वाजवून घेत. नाणं बोटाच्या टोकावर मधोमध तोला आणि दुसऱ्या नाण्याने कडेला हलकं ठोका. अखंड नाणं थोडा वेळ गुणगुणतं. चिकटवलेलं बद्द वाजतं. तापवून घट्ट बसवलेल्या चकतीचा आवाज मात्र अर्ध्यामुर्ध्या कानाला फसवतो, शिवाय दोन धातूंची खरी नाणीही जरा बद्दच वाजतात. तेव्हा तुलना नेहमी त्याच किमतीच्या, त्याच मालिकेच्या दुसऱ्या नाण्याशी करा.

वजनासाठी सोनाराचा काटा, किंवा दोन दशांश स्थळं दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा. २०१९ च्या मालिकेत एक रुपया ३.०९ ग्रॅम, दोन रुपये ४.०७, पाच रुपये ६.७४, दहा रुपये ७.७४ आणि वीस रुपये ८.५४ ग्रॅम. त्याआधीच्या २०११ च्या मालिकेत एक रुपया ३.७९, दोन रुपये ४.८५, पाच रुपये ६ आणि दहा रुपये ७.७१. मालिका न बघता वजन केलं तर खरं नाणंच खोटं ठरेल. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरणार, ते सोडून द्या. वजन बरोबर आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, चांगलं काम केलेलं नाणं वजनात सापडत नाही.

चुंबक लावून पाहा. आताचे एक आणि दोन रुपये ज्या स्टीलचे आहेत ते चुंबकाला चिकटतं. पिवळं पाच रुपयांचं नाणं चिकटत नाही. एक बाजू ओढली जाते आणि दुसरी नाही, असं झालं तर आत दोन वेगळ्या नाण्यांचे तुकडे आहेत.

आणि शेवटी झीज. मला हीच तपासणी सगळ्यात भरवशाची वाटते, कारण ती लपवायचं कोणाला सुचत नाही. नाणं खिशात, गल्ल्यात, देवाच्या पेटीत फिरतं तेव्हा दोन्ही बाजू एकत्र म्हाताऱ्या होतात. जोडलेल्या नाण्यात दोन वेगळी आयुष्यं एकत्र आलेली असतात. एका बाजूचे सिंह गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूचे तरतरीत, एकीकडे तेलकट काळपटपणा आणि दुसरीकडे कोरी चमक, असं दिसलं की थांबा. जोडाला जबरदस्तीने चाकू लावू नका, उकळत्या पाण्यात टाकू नका. खरं निघालं तर तुम्हीच ते बिघडवलेलं असेल.

मैदानावर

टॉसला दोन छाप्यांचं नाणं वाटतं तितकं उपयोगाचं नसतं. नाणं एका कप्तानाने उडवलं आणि दुसऱ्याने मागितलं, तर मागणारा 'छापा' म्हणाला की तोच जिंकतो. फसवणाऱ्याला मागणं माहीत नसतं. म्हणजे धोका तेव्हाच, जेव्हा नाणं देणारा आणि मागणारा एकच असतो किंवा एका गटातले असतात. किंवा मागितल्यावर नाणं बदललं जातं. त्यावरूनच नियम करून टाका. नाणं पंचांचं, उडवणारा एक, मागणारा दुसरा. उडवण्याआधी दोघा कप्तानांनी दोन्ही बाजू बघायच्या. मागायचं ते नाणं हवेत असताना. झेलून मनगटावर पालथं घालायचं नाही, जमिनीवर पडू द्यायचं. पुळणीवर खेळत असाल तर मॅटवर किंवा टणक जागी टॉस करा, ओल्या वाळूत नाणं कडेवर रुततं आणि वाद होतो. क्रिकेटच्या अधिकृत नियमांतही टॉस मैदानातच, पंचांच्या देखरेखीखाली आणि सामना सुरू होण्याच्या आधी ३० ते १५ मिनिटांच्या दरम्यान करायचा असतो.

पाच वेळा लागोपाठ छापा पडला म्हणून कोणाची कॉलर धरू नका. खऱ्या नाण्यानेही ३२ जणांतल्या एकाला सरासरी हे होतंच. दहा वेळा झालं तर १०२४ मध्ये एक, तेव्हा नाणं मागून घ्या. आणि खरं नाणंसुद्धा अगदी निम्मं-निम्मं नसतं. काही संशोधकांनी साडेतीन लाखांहून जास्त वेळा नाणी उडवून मोजलं. उडवताना जी बाजू वर होती तीच सुमारे ५०.८ टक्के वेळा वर पडली. म्हणून उडवण्यापूर्वी वरची बाजू मागणाऱ्याला दिसू नये हे बरं.

जुनी नाणी वेगळी

रायगड आपल्याच पट्ट्यात असल्यामुळे शिवराईबद्दल हमखास विचारणा होते. शिवराई तांब्याची. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ती प्रेसवर नव्हे, हाताने पाडलेली. खालचा साचा ऐरणीत, वर चकती, वरचा साचा हातात आणि हातोड्याचा घाव. त्यामुळे अक्षरं कडेबाहेर गेलेली असतात, दोन बाजू एकमेकींशी तिरक्या असतात, वजन थोडं कमीजास्त असतं. हे दोष नाहीत, खुणा आहेत. उलट सगळी अक्षरं नेमकी मधोमध, कडेला साच्याची उभी रेघ, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतील तर ती ओतीव नक्कल. चिंच-मिठाने घासून शिवराई चमकवू नका. तिच्यावरचा काळसर थर हाच तिचा दाखला असतो.

सरावासाठी मी मुलांना एक कापडी पिशवी देतो. तिच्यात पाच टोकनं असतात: तीन साधी होडी-मासा, एक कोरलेलं दोन माशांचं, एक वाटी-चकतीचं. पहिल्यांदा डोळे मिटून, नुसत्या बोटांनी शोधायचं. मग ठोकून, आवाजाने. मग काट्यावर. भिंग सगळ्यात शेवटी. बोटांनी चित्र ओळखायला साधारण आठवडा लागतो. आवाजाने वाटी-चकती ओळखणारी आतापर्यंत एकच मुलगी मला भेटली आहे, आठवीतली. तिचे वडील होडीच्या इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगतात.